स्ट्राउडच्या दुसऱ्या हंगामाचं गणित

५ नोव्हेंबर २०२३. टॅम्पा बेविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात ह्यूस्टन टेक्सन्स घरच्या मैदानावर मागे पडले होते आणि घड्याळात उरले होते ४६ सेकंद. बावीस वर्षांच्या सी. जे. स्ट्राउडनं तेवढ्या वेळात संघाला ७५ यार्ड पुढे नेलं आणि सहा सेकंद शिल्लक असताना टँक डेलकडे विजयी टचडाऊनचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याचा, पास टाकला. निकाल ३९-३७. त्या दिवशी त्याच्या पासवर ४७० यार्ड निघाले. पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या कुणाही क्वार्टरबॅकनं एका सामन्यात तोवर एवढे यार्ड काढले नव्हते.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावं लागतं आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. पास कुणाकडे टाकायचा हे त्यानं साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं. पास प्रतिस्पर्ध्यानं झेलला तर ते इंटरसेप्शन. पास सुटण्याआधीच त्याला आडवं पाडलं तर तो सॅक.

स्ट्राउडचा २०२३ चा हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १५ सामन्यांत ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन आणि फक्त ५ इंटरसेप्शन होते. आदल्या वर्षी जेमतेम तीन सामने जिंकलेल्या टेक्सन्सनी दहा जिंकले आणि बाद फेरीत क्लीव्हलँडला ४५-१४ असं लोळवलं. आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून स्ट्राउडला पुरस्कार मिळाला. साहजिकच दुसऱ्या हंगामाकडून अपेक्षा आभाळाला टेकल्या. २०२४ मध्ये तो सगळे १७ सामने खेळला. ३,७२७ यार्ड, २० टचडाऊन, १२ इंटरसेप्शन. पासर रेटिंग म्हणजे पासफेकीचा एकत्रित निर्देशांक. तो १००.८ वरून ८७.० वर आला. ‘याचं काहीतरी बिघडलंय’ हे ऐकू यायला वेळ लागला नाही.

बिघडलं काय, हे शोधण्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. काहीच बिघडलं नसतं, तर आकडे कसे दिसले असते?

इंटरसेप्शनचंच घ्या. पहिल्या वर्षी ४९९ पासांत ५, म्हणजे एक टक्का. लीगची सरासरी दोन टक्क्यांच्या थोडी वर असते. आता समजा स्ट्राउडची खरी क्षमता १.८ टक्के आहे, म्हणजे सरासरीपेक्षा चांगली, पण अद्भुत नाही. अशा खेळाडूनं ४९९ पास टाकले तर सरासरी ९ इंटरसेप्शन अपेक्षित धरावेत. पण दुर्मीळ घटना मोजताना आकडा खूप हलतो. कुणाच्या बोटांना लागून चेंडू उडतो आणि भलत्याच्या हातात पडतो, कधी बचावपटूच्या हातातून सोपा झेल निसटतो. दुर्मीळ घटनांची शक्यता काढणाऱ्या पॉयसाँच्या सूत्रानं हिशेब मांडला, तर अशा खेळाडूच्या वाट्याला ५ किंवा त्याहून कमी इंटरसेप्शन येण्याची शक्यता ११-१२ टक्के निघते. पुढच्या वर्षी त्यानं ५३२ पास टाकले. तेवढ्यात १२ किंवा जास्त इंटरसेप्शन होण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकच माणूस, तेच कौशल्य, आणि एका वर्षी ५ तर दुसऱ्या वर्षी १२! त्यात चमत्कार नाही आणि अधोगतीही नाही. १.८ हा आकडा मी उदाहरणासाठी निवडला, पण दोन्ही वर्षं एकत्र केली तर १,०३१ पासांत १७ इंटरसेप्शन होतात, म्हणजे सुमारे १.६५ टक्के. स्ट्राउडबद्दल बोलताना मी हा आकडा धरेन.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अचूक पासांचं प्रमाण पहिल्या वर्षी ६३.९ टक्के होतं, दुसऱ्या वर्षी ६३.२. जवळपास जागच्या जागी. शेकडो वेळा घडणाऱ्या गोष्टींचं प्रमाण सहसा स्थिर राहतं, मोजक्या वेळा घडणाऱ्यांचं उड्या मारतं. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र या उड्यांवरच होतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुलं उंच निघाली, पण सरासरीपासून तितकी दूर नव्हती. ठेंगण्या आईबापांची मुलं ठेंगणी, पण तितकी नाही. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीच्या जवळ सरकतं, कारण टोक गाठायला गुणासोबत योगायोगाचीही साथ लागलेली असते. गुण टिकतो, योगायोग पुन्हा तसाच जुळून येईल याची खात्री नसते. दुसऱ्या हंगामात ‘कोसळलेल्या’ खेळाडूंची यादी लांबलचक दिसते, कारण आपण पहिल्या हंगामात झळकलेल्यांनाच त्या यादीसाठी निवडलेलं असतं. डॅक प्रेस्कॉटचं रेटिंग २०१६ च्या पदार्पणात १०४.९ होतं, पुढच्या वर्षी ८६.६. बेकर मेफिल्ड ९३.७ वरून ७८.८.

हा ओढा खालून वरही चालतो आणि तिथं कुणाचं लक्ष जात नाही. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, स्ट्राउड दुसरा निवडला गेला. पहिला होता कॅरोलायनाचा ब्राइस यंग. त्याचं पहिलं वर्ष भयंकर गेलं. ११ टचडाऊन, १० इंटरसेप्शन, ६२ सॅक, रेटिंग ७३.७, आणि संघाचे विजय दोन. दुसऱ्या वर्षी दोनच सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवलं. पुन्हा संधी मिळाली तीही त्याच्या जागी खेळणारा अँडी डाल्टन मोटार अपघातात जखमी झाला म्हणून. तरीही हंगामअखेर यंगचं रेटिंग ८२.१ भरलं. पहिल्या वर्षी या दोघांत २७ गुणांचं अंतर होतं, दुसऱ्या वर्षी पाच. दोन सामन्यांवरून तेवीस वर्षांच्या पोराला मोडीत काढणं मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं होतं, आणि हे आकडे पाहिल्यावर जास्तच वाटतं.

मग अपेक्षा ठेवायची तरी किती? ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात याचं देखणं उत्तर दाखवलं. १९७० च्या बेसबॉल हंगामातल्या १८ फलंदाजांचे पहिल्या ४५ संधींतले आकडे त्यांनी घेतले आणि प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ठरावीक प्रमाणात सरकवला. उरलेल्या हंगामाशी ताडून पाहिल्यावर सरकवलेल्या अंदाजांची एकूण चूक मूळ आकड्यांपेक्षा सुमारे साडेतीन पट कमी निघाली. त्यात रॉबर्टो क्लेमेंटे होता, सुरुवातीला .४०० वर, म्हणजे दर हजार संधींमागे ४०० यशस्वी फटके. उर्वरित हंगामात तो .३४६ वर आला. घसरला खरा, पण सूत्रानं त्याला ज्या .२९० वर आणलं होतं त्याच्या खूपच वर राहिला. सूत्र समूहाबद्दल बरोबर होतं आणि या थोर खेळाडूबद्दल चुकलं. क्वार्टरबॅक डॅन मरिनोही असाच. १९८३ मध्ये नवोदित म्हणून रेटिंग ९६.०, आणि दुसऱ्या वर्षी खाली येण्याऐवजी ५,०८४ यार्ड, ४८ टचडाऊन. असा माणूस निघू शकतो, म्हणून प्रत्येकाकडून तीच अपेक्षा धरणं चूक आहे.

सगळं योगायोगावर ढकलूनही चालत नाही. क्रिकेटमध्ये नव्या फलंदाजाचा कच्चा दुवा हेरून गोलंदाज पुढच्या मालिकेत तयारीनं येतात, तसं इथं प्रतिस्पर्धी प्रशिक्षक उन्हाळाभर नव्या क्वार्टरबॅकच्या प्रत्येक पासची चित्रफीत पाहतात. समजा चेंडू सुटण्याआधी दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, खोलवर उभे दिसतात. क्वार्टरबॅक मनात मधली मोकळी जागा हेरतो. चेंडू हातात येतो त्या क्षणी त्यातला एक धावत पुढे येतो, दुसरा मध्यावर सरकतो, आणि हेरलेली जागा नाहीशी होते. नव्यानं विचार करायला सेकंदसुद्धा उरलेला नसतो. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यू इंग्लंडनं न्यू यॉर्क जेट्सला ३३-० असं हरवलं. दुसऱ्याच हंगामात असलेल्या सॅम डार्नोल्डचे चार पास त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. ‘मला भुतं दिसतायत’ असं तो बाकावर बसून म्हणाला आणि अंगावरच्या माइकमुळे ते साऱ्या देशानं ऐकलं.

ही भुतं अनुभवानं कमी होतात, याला आधार आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की बुद्धिबळातला निष्णात खेळाडू खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद पाहून बरीचशी आठवू शकतो, पण सोंगट्या कशाही मांडल्या तर त्याचं हे वर्चस्व जवळजवळ संपतं. त्याची स्मृती अफाट नसते, ओळखीचे आकृतिबंध अफाट असतात. ते जमायला वर्षं लागतात, आणि एकदोन हंगाम म्हणजे फारच थोडे डाव. त्याच डार्नोल्डनं २०२४ मध्ये मिनेसोटासाठी ३५ टचडाऊन पास टाकले आणि बाद फेरीआधीच्या साखळी हंगामात संघानं १४ सामने जिंकले.

स्ट्राउडच्या २०२४ मध्ये जे खरोखर बदललं होतं ते सॅकच्या रकान्यात दिसतं. ३८ वरून ५२. त्याचं संरक्षण करणारी फळी ढासळली होती. शिवाय स्टेफन डिग्ज ऑक्टोबरमध्ये गुडघा फाटून बाहेर गेला, निको कॉलिन्स पाच सामने मुकला, आणि डिसेंबरमध्ये कॅन्सस सिटीत डेलचा गुडघा मोडला. पास झेलणारी माणसंच नाहीशी होत गेली, तर प्रत्येक पासमागे मिळणारे यार्ड ८.२ वरून ७.० वर येणारच.

क्लबनंही बहुधा हेच वाचलं. जानेवारी २०२५ मध्ये आक्रमणाचा समन्वयक बॉबी स्लोविक याला काढण्यात आलं. मार्चमध्ये लॅरेमी टन्सिलसारखा नावाजलेला टॅकल, म्हणजे त्या संरक्षक फळीतला खेळाडू, वॉशिंग्टनला देऊन फळी नव्यानं बांधायला घेतली. स्ट्राउड जागेवर राहिला. १२ इंटरसेप्शन आणि ५२ सॅक हे दोन आकडे समोर असताना त्यांनी दुसरा आकडा धरून निर्णय घेतले, आणि माझ्या मते तो हिशेब बरोबर होता.