ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे

ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे : आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यातला, बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर तयार केलेला सायकल व पायी मार्ग. वेस्टपोर्ट गावापासून निघून न्यूपोर्ट आणि मुलरॅनी ही गावे घेत तो ॲकिल बेटासमोरच्या ॲकिल साउंड गावापर्यंत जातो. २०११ मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्याची लांबी ४२ किमी. होती, पुढे दोन्ही टोकांना थोडी भर पडली. गावांतले तुकडे आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा सोडल्या तर मोटारगाड्यांशी गाठ पडत नाही. सामान लादून दूरच्या प्रवासाला निघालेल्यांपासून लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांपर्यंत सगळे तो वापरतात.

रेल्वेचा काळ : मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वेने हा फाटा १८९४ मध्ये मुलरॅनीपर्यंत आणि १८९५ मध्ये ॲकिलपर्यंत नेला. एवढ्या गरीब, विरळ वस्तीच्या भागात रेल्वे स्वतःच्या हिमतीवर चालणार नव्हती. सरकारी पैशातून ती झाली. लोहमार्गाशी दोन दुःखद घटना जोडलेल्या आहेत. जून १८९४ मध्ये स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेल्या ॲकिलकरांची होडी क्ल्यू उपसागरात उलटून ३२ जण बुडाले. मार्ग रीतसर सुरू होण्याआधीच त्यांचे मृतदेह त्यावरून आणावे लागले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून ॲकिलचे १० तरुण गेले. त्यांचे मृतदेह याच गाडीने आले आणि त्याच महिनाअखेरीस मार्ग कायमचा बंद झाला. लोखंडी चाकांची गाडी पहिल्या व शेवटच्या खेपेला प्रेते आणील, असे भाकीत ब्रायन रुआ नावाच्या भविष्यवेत्त्याने शतकांपूर्वी केले होते, असे तिथले लोक सांगतात.

रूळ उखडले गेले. भराव, खोदाई, मोऱ्या आणि पूल मात्र राहिले. न्यूपोर्टचा सात कमानींचा दगडी रेल्वेपूल आज ग्रीनवेचाच भाग आहे.

जमिनीचा प्रश्न : मार्गाचे खरे वैशिष्ट्य बांधकामात नसून जमिनीच्या व्यवहारात आहे. रेल्वे गेल्यावर पट्टी आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेली होती आणि तिथे मेंढ्या चरत होत्या. परगणा परिषदेने ती विकत घेतली नाही, संपादितही केली नाही. शंभराहून अधिक मालकांशी बोलून केवळ वापराची परवानगी मिळवली. मालकी शेतकऱ्याचीच राहते, वहिवाटीचा हक्क कुणाला लागत नाही; कुंपणे, फाटके आणि देखभाल परिषदेकडे. मेयोत हे मोठेच. १८७९ ची कुळांची भूमी-चळवळ इथूनच पेटली. तिचा नेता मायकेल डेव्हिट याच परगण्यातला आणि ॲकिल साउंडच्या पुलाला त्याचेच नाव आहे. जमीन हातची जाण्याची भीती अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परवानगीची पद्धत तिला धक्का न लावता काम करून गेली.

तिची किंमत मात्र सायकलस्वार पायांनी मोजतो. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून असे लोहमार्ग १०० मीटरला दीड-दोन मीटरपेक्षा सहसा वर चढत नसत. जिथे मूळ पट्टी मिळाली नाही तिथे ग्रीनवे तिला सोडून शेताच्या कडेने वळसा घेतो आणि आखूड पण तीव्र चढ-उतार येतात. संथ लयीत पायडल मारत असताना अचानक काटकोनात वळण आले, तर रेल्वेची वाट सुटली असे समजून आधीच हलका गिअर घ्यावा. चढावर गिअर बदलू गेल्यास चेन उतरते.

पहिला टप्पा, न्यूपोर्ट ते मुलरॅनी, २०१० मध्ये खुला झाला. संपूर्ण मार्गाचे उद्‌घाटन जुलै २०११ मध्ये मेयोचेच असलेले पंतप्रधान एन्डा केनी यांनी केले. त्या वेळी वाहतूक व पर्यटन खाते लिओ वराडकर यांच्याकडे होते; त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. त्याच वर्षी उत्कृष्ट पर्यटनस्थळे निवडणाऱ्या युरोपीय आयोगाच्या ‘एडन’ योजनेत आयर्लंडतर्फे या मार्गाची निवड झाली.

वाटेचे तीन तुकडे : वेस्टपोर्ट–न्यूपोर्ट हा सुमारे १२ किमी.चा तुकडा बराचसा मोटाररस्त्याला धरून, टेकाडांवरून खालीवर जातो. वेळ कमी असेल तर सोडावा तो हाच. न्यूपोर्ट–मुलरॅनी, १८ किमी., हा गाभा. डावीकडे क्ल्यू उपसागर उघडतो. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या ड्रमलिन टेकड्या समुद्राची पातळी वाढल्यावर बुडाल्या आणि त्यांचे माथे बेटे होऊन राहिले. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, अशी ३६५ बेटे असल्याचे परंपरेने म्हणतात. पलीकडे क्रो पॅट्रिक हा ७६४ मी. उंचीचा यात्रेचा डोंगर दिसतो. जवळच रॉकफ्लीटचा बुरूज आहे. सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर जहाजांचे तांडे बाळगणाऱ्या ग्रॅनिया ओमॅली हिचा तो. मुख्य वाट सोडून थोडे आत जाऊन पाहावा.

मुलरॅनीत रेल्वे कंपनीने १८९७ मध्ये उभारलेले हॉटेल अजून चालू आहे. वसंताच्या सुरुवातीला इथे भूमध्यसागरी हीथर हे झुडूप जांभळट फुलते. गावाच्या डोंगरावर जुन्या आयरिश वाणाच्या रानटी शेळ्यांचा कळप आहे. वाटेच्या कडेला झुडपांची दाट भिंत दिसते ते ऱ्होडोडेंड्रॉन. फुले देखणी, पण बाहेरून आलेली ही वनस्पती स्थानिक झाडोरा गुदमरवते. पुढचा १३ किमी.चा तुकडा बेलाक्राहर खाडीच्या काठाने आणि करॉन द्वीपकल्पाच्या उत्तर अंगाने ॲकिल साउंडला पोचतो. इथे पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल, वारा आणि मेंढ्या एवढेच सोबतीला.

दिशा आणि वेळ : वारा बहुतांशी नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. म्हणून सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या गाडीने ॲकिलला जायचे आणि वारा पाठीवर घेत वेस्टपोर्टला परतायचे, हा रूढ क्रम. उलट दिशेने निघालेला माणूस शेवटचे १३ किमी. सपाटीवरही चढ असल्यासारखा ओढतो. सामानासह सबंध मार्गाला थांबे धरून पाच-सहा तास ठेवावेत. जूनअखेरीस दिवस सतरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये आठही भरत नाही. पश्चिम आयर्लंडात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ओले. कोकणासारखा तीन-चार महिने कोसळून मोकळा होणारा पाऊस इथे नाही. तो बारमाही, बारीक आणि आडवा असतो. त्यामुळे छत्री निरुपयोगी. शिवणी बंद केलेला रेनकोट आणि हातमोजे उन्हाळ्यातही लागतात. वारा पडलेल्या उन्हाळी संध्याकाळी दलदलीजवळ थांबू नये. मिज नावाची चिलटे चावून हैराण करतात.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून वेस्टपोर्टला थेट रेल्वे आहे. गाडीत सायकलींच्या जागा मोजक्या, त्यामुळे तिकिटाबरोबर त्याही राखून ठेवाव्या लागतात.

सायकल आणि पृष्ठभाग : बराच भाग दाबून बसवलेल्या बारीक खडीचा, काही डांबरी. पीटवर नुसती खडी टाकली तर ती रुतत जाते, म्हणून अशा जमिनीवर भूवस्त्र (जिओटेक्स्टाइल कापड) अंथरून त्यावर जाड थर द्यावा लागतो. तरीही भराव असमान खचून लाटा पडतात. उतारावर पावसाचे पाणी बारीक कच वाहून नेते आणि आडवे ओघळ उरतात. ३५ ते ४० मिमी. रुंदीचे टायर पुरेत. सामान असेल तर ४० मिमी.च्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. टणक फुगवलेला टायर खडीवर उसळतो आणि कॅरिअरचे बोल्ट सैल करतो. ओली कच चेनला आणि रिमब्रेकच्या पॅडला कानसेसारखी खाते. दिवसअखेर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पावसाळी तेलाचा प्रत्येक कडीला एक थेंब द्यावा. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा हवी, नाहीतर कच अडकते.

पंक्चर बहुधा काट्याचे. कुंपणाची हॉथॉर्न व ब्लॅकथॉर्न झुडपे छाटायला १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंदी असते, पक्षी घरटी करतात म्हणून. छाटणी सप्टेंबरपासून होते आणि त्याच महिन्यांत वाटेवर काटे पडतात. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून बोटाने हळूच चाचपावा. ब्लॅकथॉर्नचे टोक रबरात मोडून राहते, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा बसते.

फाटक जसे सापडले तसे ठेवावे : बंद असेल तर बंद. गुरे अडवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या जाळीवरून सरळ, ब्रेक न दाबता जावे. ओल्या लोखंडावर तिरके चाक हमखास घसरते. वाटेत मेंढी आली तर थांबावे. मागे लागल्यास ती बाजूला न होता पुढेच पळत राहते. रस्ता ओलांडताना पहिला हक्क मोटारीचा. वाहने आपल्याकडच्यासारखी डावीकडून चालतात. तिथल्या अरुंद अडसरांतून मागच्या दोन्ही बॅगांसह जाताना उतरून ढकलणे बरे.

तुलना : वॉटरफर्ड ग्रीनवे (४६ किमी., २०१७) दक्षिण किनाऱ्याकडे डंगार्व्हनपर्यंत जातो. तिथली पट्टी सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या मालकीचीच राहिली होती, त्यामुळे वाट सलग, डांबरी, ४०० मी. लांबीच्या बॅलिव्हॉइल बोगद्यासह मिळाली. दक्षिण केरीतल्या ग्रीनवेसाठी तिथल्या परिषदेने सक्तीचे संपादन निवडले आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरले. आपल्याकडे रेवस ते रेड्डी हा सायकलस्वारांचा आवडता किनारी प्रवास मोटाररस्त्यानेच होतो; आगरदांडा–दिघी किंवा दाभोळ–धोपावे अशा तरींवर सायकल चढते, पण वाहनमुक्त असा सलग तुकडा तिथे नाही.

पुढचा प्रवास : ॲकिल साउंडच्या पलीकडे कीम पुळणीपर्यंतचे वीसेक किमी. मोटाररस्त्याने जातात. शेवटची उतरण कड्याच्या अंगाने, तीव्र आणि वळणाची आहे. आदल्या दिवशीच्या कचेने ब्रेकपॅड किती झिजलेत ते कील गावातच पाहून, गरज असल्यास बदलून मग पुढे निघावे.