ॲन ऑफ ग्रीन गेबल्स

कॅनडाच्या लेखिका लूसी मॉड माँटगमरी (१८७४–१९४२) यांची १९०८ साली बॉस्टनहून प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. अनाथाश्रमातून चुकून पाठवली गेलेली अकरा वर्षांची, लाल केसांची, अखंड बोलणारी ॲन शर्ली ही तिची नायिका. गोष्ट घडते कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड बेटावर, ॲव्हनली या काल्पनिक गावात. ‘ग्रीन गेबल्स’ हे तिथल्या एका शेतघराचे नाव आहे. उतरत्या छपराच्या टोकाशी भिंतीचा जो त्रिकोण होतो, तो या घराला हिरवा रंगवलेला आहे, म्हणून हे नाव.

मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट ही उतारवयाची, अविवाहित भावंडे. मॅथ्यू साठीचा, त्यात हृदयाचे दुखणे. शेतात हाताखाली एखादा मुलगा हवा, म्हणून ते निरोप धाडतात. त्या काळी अनाथ मुले घरी आणायची ती बहुधा कामालाच. १८६९ पासून पुढच्या सहा-सात दशकांत एकट्या ब्रिटनमधून लाखाहून अधिक मुले अशी कॅनडात धाडली गेली, आणि पहिल्याच प्रकरणात मरिला त्यांचा उल्लेख करते. मॅथ्यू घोडागाडी घेऊन स्टेशनवर जातो, तर फलाटाच्या टोकाला लाकडी फळ्यांच्या ढिगावर एक मुलगी बसलेली. कोणी न्यायला आलेच नाही तर जवळच्या रानचेरीच्या झाडावर चढून रात्र काढायची, असे तिने ठरवूनही टाकलेले असते. आपल्याला नको असण्याची तिला इतकी सवय आहे की त्याची तयारीही ती सुंदरच करते.

‘मुलगी आपल्या काय उपयोगाची?’ असे मरिला विचारते. मॅथ्यू मुलखाचा बुजरा, पण तो म्हणतो, आपणच कदाचित तिच्या उपयोगी पडू. पुढची सारी कादंबरी या एका उत्तरातून उगवली आहे.

ॲनची कल्पनाशक्ती हा या पुस्तकाचा सर्वांत गाजलेला गुण. तिच्याकडे निव्वळ गोडवा म्हणून पाहिले की पुस्तक अर्धेच वाचल्यासारखे होते. ॲन तीन महिन्यांची असताना आईवडील तापाने गेले. मग एका घरात आणि नंतर दुसऱ्या घरात तिने परक्यांची मुले सांभाळली. दुसऱ्या घरी तर जुळ्यांच्या तीन जोड्या होत्या. पहिल्या घरी पुस्तकांचे एक काचेचे कपाट होते. त्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाला तिने केटी मॉरिस हे नाव दिले आणि तिच्याशी मैत्री केली. बोलायला दुसरे कोणी नव्हते. कल्पना हा त्या मुलीचा एकमेव आसरा होता, हे लेखिका रडारड न करता, ॲनच्याच बडबडीतून सहज सांगून जाते.

नावे ठेवणे हा ॲनचा ध्यास. शेजारच्या तळ्याला ती ‘चमचमत्या पाण्याचे सरोवर’ म्हणते, सफरचंदाच्या मोहोराने झाकलेल्या रस्त्याला ‘आनंदाची शुभ्र वाट’. खिडकीतल्या कुंडीलाही नाव असते. जिच्याजवळ स्वतःचे काहीच नाही, ती नाव देऊन गोष्टी आपल्या करून घेते. आपल्या नावाच्या शेवटी असलेले अनुच्चारित ‘ई’ लिहिले गेलेच पाहिजे, हा तिचा हट्ट जगप्रसिद्ध आहे. देवनागरीत मात्र दोन्ही रूपे ‘ॲन’ अशीच उमटतात, त्यामुळे मराठीत ही लाडकी तक्रार मांडायलाच जागा उरत नाही.

आधी तिला कॉर्डेलिया म्हणवून घ्यायचे असते. थोड्याच दिवसांत आरशापुढे उभी राहून ती स्वतःला बजावते, की कुठलीच नसलेली ॲन असण्यापेक्षा ग्रीन गेबल्सची ॲन असणे कितीतरी बरे. ती मोठी होते तशी तिची बडबड ओसरते. हे मरिलाच्या लक्षात येते आणि तिला चुटपूट लागते. घर मिळाले, तशी काचेतल्या मैत्रिणीची गरज संपत गेली. हा बदल माँटगमरींनी कुठेही ठळक न करता दाखवला आहे, आणि माझ्या मते कादंबरीचे खरे यश तिथे आहे.

अर्थात वाचकांच्या मनात राहतात ते प्रसंग. ‘गाजर’ म्हणून चिडवणाऱ्या गिल्बर्ट ब्लाइथच्या डोक्यात ॲन पाटी हाणते आणि पाटीचे दोन तुकडे होतात. जिवलग मैत्रीण डायनाला रास्पबेरीचे सरबत समजून ती घरगुती वाइन पाजते. व्हॅनिलाच्या बाटलीत चोळायचे औषध भरलेले असते, ते केकमध्ये पडते. केस काळे करायला जाते आणि ते हिरवे होतात. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक हवा असे तिला फार वाटत असते. बायकांशी बोलायलाही घाबरणारा मॅथ्यू तो आणायला दुकानात जातो आणि गोंधळून वीस पौंड साखर घेऊन परततो, हे प्रकरण तर विनोदाच्या आतल्या मायेसाठी पुन्हापुन्हा वाचावे.

माँटगमरी पावणेदोन वर्षांच्या असताना त्यांची आई क्षयाने गेली. वडील पश्चिमेकडे निघून गेले आणि आजीआजोबांनी त्यांना याच बेटावरच्या कॅव्हेंडिश गावी वाढवले. कपाटाच्या काचेतली केटी मॉरिस ही खुद्द त्यांचीच बालपणीची सखी. गावचे टपाल कार्यालय आजोळच्या घरातच असल्याने हस्तलिखिते पाठवणे आणि ती नाकारून परत येणे, दोन्ही गुपचूप होई. एका जुन्या वहीतल्या टिपणावरून, मुलगा मागवला आणि मुलगी आली या दोन ओळींवरून, ही कथा सुचली. अनेक प्रकाशकांनी ती परत केल्यावर हस्तलिखित टोपीच्या खोक्यात पडून राहिले. पुढे एल. सी. पेज कंपनीने ते छापले आणि पहिल्या पाच महिन्यांत १९ हजारांवर प्रती खपल्या. लेखिकेला प्रतीमागे नऊ सेंट मिळत. याच प्रकाशकाशी नंतर त्यांची कोर्टकचेरी झाली आणि ती सुमारे नऊ वर्षे चालली.

पुस्तकावर काळाचे डागही आहेत. केसांचा रंग विकणारा ज्यू फेरीवाला आणि शेतावरची फ्रेंच पोरे यांच्याविषयी पात्रे तुच्छतेने बोलतात. ज्या मिकमाक लोकांचे हे बेट मूळचे, ते कथेत नाहीतच. आज मुलांना वाचून दाखवताना यावर बोलायला हवे.

ॲनच्या पुढच्या आयुष्यावर माँटगमरींनी १९०९ ते १९३९ या काळात आणखी सात कादंबऱ्या लिहिल्या; पहिलीची सर त्यांना क्वचितच येते. जपानमध्ये हानाको मुराओका यांनी युद्धकाळात, शत्रूची भाषा जवळ बाळगणेही धोक्याचे असताना, हिचा अनुवाद केला. तो १९५२ साली ‘आकागे नो आन’ म्हणजे ‘लाल केसांची ॲन’ या नावाने निघाला आणि तिथल्या मुलींच्या पिढ्या त्यावर वाढल्या. इसाओ ताकाहाता यांनी १९७९ साली त्यावर ५० भागांची ॲनिमेशन मालिका केली. कॅनडातील १९८५ ची दूरचित्रवाणी मालिका आणि २०१७ ची ‘ॲन विथ ॲन ई’ याही गाजल्या. दुसरीने ॲनच्या पूर्वायुष्यातला छळ उघडपणे दाखवला.

ज्या घरावरून ग्रीन गेबल्स बेतले, ते लेखिकेच्या नातलगांचे शेतघर आता राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तिथे देशोदेशीचे पर्यटक येतात. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर लेखिकेचे आजोळ होते, आणि कादंबरी लिहिली गेली ती तिथे. ते घर १९२० च्या सुमारास पाडले गेले. झाडांच्या सावलीत त्याचा दगडी पाया तेवढा उरला आहे.