मावशींचं बोट आणि चोराचा अंगठा

परवा आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींबरोबर पर्वतीच्या पायथ्याशी एका रेशन दुकानात गेले होते. काउंटरवर ई-पॉस मशीन, त्याला जोडलेली बोट ठेवायची छोटी काच, काचेखाली लाल उजेड. मावशींनी उजवा अंगठा ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. "मावशी, पदराला पुसा आणि जरा दाबून धरा," दुकानदार म्हणाले. पुसून झालं, दाबून झालं. मग मावशींनी तर्जनी कपाळावरून आणि भांगातून एकदा फिरवली आणि काचेवर टेकवली. तीही नाही. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं, तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्यांनाही हायसं वाटलं. मावशी मात्र ओशाळल्या होत्या. "माझीच बोटं खराब झालीत ताई," असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या.

वीस वर्षं साबण, सोडा आणि काथ्या हाताळणाऱ्या हाताची ती बोटं. त्यांना ओळखता न येणं हा यंत्रणेचा दोष आहे, आणि माझ्या मते तो सुरक्षेचाच दोष आहे. बायोमेट्रिकची, म्हणजे बोट, डोळा, चेहरा यांवरून माणूस ओळखण्याची, चर्चा निघाली की चोर आत कसा शिरेल याचीच आपण काळजी करतो. घरचा माणूस दाराबाहेर राहिला, तर त्याला गैरसोय म्हणतो आणि सोडून देतो. कुलूप मात्र एकच आहे आणि ते दोन्हीकडून बिघडलेलं असू शकतं.

मावशींनी बोट भांगातून का फिरवलं, ते आधी सांगते. अशा बऱ्याच मशीनमध्ये काचेचा लोलक असतो. खालून सोडलेला प्रकाश काचेच्या वरच्या पृष्ठभागावर आदळतो. वर हवा असेल, तर तो पूर्णपणे परावर्तित होऊन कॅमेऱ्यात जातो आणि तो भाग उजळ दिसतो. कातडीचा उंचवटा जिथे काचेला घट्ट चिकटतो, तिथे प्रकाश निसटतो आणि काळी रेघ उमटते. अशा दोन रेघांमधलं अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर. कोरड्या बोटाचा उंचवटा काचेला सलग टेकत नाही, अधेमधे हवा राहते आणि रेघ तुटक दिसते. कपाळाच्या घामाचा, केसांतल्या तेलाचा पातळ थर ही फट भरून काढतो. बोट ओलंचिंब असेल तर उलट होतं. खाचाही भरतात आणि शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात. मावशींनी जे केलं, ते प्रकाशशास्त्राला धरूनच होतं.

तुटक रेघेने एवढं काय बिघडतं? मशीन सहसा एका चित्रावर दुसरं चित्र ठेवून बघत नाही. रेघ कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, एवढंच ते टिपतं. सदाशिव पेठेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: कुठला बोळ बंद होतो, कुठे एका गल्लीच्या दोन होतात, एवढ्या खुणांवरून सराईत माणूस पेठ ओळखेल. एका ठशात अशा काही डझन खुणा असतात. प्रत्येकीची जागा आणि दिशा आकड्यांत नोंदवली जाते. या नोंदीला टेम्प्लेट म्हणतात. रेघ अधेमधे तुटली की जिथे बोळ बंद होत नाही तिथेही तो बंद दिसतो. खोट्या खुणा वाढतात, खऱ्या हरवतात.

शिवाय कुठलेही दोन ठसे शंभर टक्के जुळत नाहीत, एकाच बोटाचेसुद्धा. बोट थोडं तिरकं पडतं, कातडी ताणली जाते. म्हणून मशीन गुण देतं आणि अमुक गुणांच्या वर पास, असा उंबरठा ठरवलेला असतो. उंबरठा खाली आणला, तर परका माणूस आत येतो. वर नेला, तर मावशी बाहेर राहतात. नुसता उंबरठा हलवून दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत. त्यासाठी ठसाच चांगला मिळवावा लागतो, किंवा दुसरं बोट, डोळा, चेहरा असा आणखी एक पुरावा जोडावा लागतो.

चुकीचं प्रमाण वाचतानाही सावध राहायला हवं. समजा, एखादी यंत्रणा १०,००० तुलनांत एकदाच परक्याला आपला समजते. स्वतःचा फोन उघडायला हे ठीक आहे, कारण तिथे एकास एक तुलना असते. तीच यंत्रणा पुणे स्टेशनवर बसवली, १०० संशयितांच्या यादीशी दिवसभरातले १ लाख चेहरे ताडले, तर तुलना होतात १ कोटी. म्हणजे एका दिवसात १,००० खोटे इशारे! यंत्र तेच, अचूकता तीच, प्रश्न बदलला. जाहिरातीत "९९.९९ टक्के अचूक" असं वाचलं की मी आधी हेच विचारते: कितीजणांत शोधणार आहात?

आता चोराकडे वळू. पेशवे दफ्तरातल्या जुन्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे "निशाणी नांगर" असते. लिहिता न येणारा माणूस आपल्या कामाचं अवजार रेखाटून सही करी. पुढे नांगराच्या जागी डावा अंगठा आला. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या आख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला, पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, ते ज्या वर्गीकरणावर चालत होतं त्यामागचं गणित मुख्यतः अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं होतं. ३२ गुणिले ३२ अशा १,०२४ कप्प्यांत दहा बोटांचे ठसे लावायची ही पद्धत जगभर गेली, पण नाव मिळालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं. याची मला आजही चुटपुट लागते.

या सगळ्या काळात ठसा ही सही होती. ती उघडी असते, कागदावर सगळ्यांना दिसते. आपण तिची किल्ली केली, तिने बँकेचं खातं उघडायला लागलो, आणि घोटाळा तिथून सुरू झाला. किल्ली लपवावी लागते. आपला ठसा चहाच्या पेल्यावर, गाडीच्या दारावर, मोबाइलच्या काचेवर पडलेला असतो.

जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातले त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जेलीच्या खाऊत घालतात त्या जिलेटिनची बोटं ओतली आणि ११ वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवून पाहिली. सगळी फसली. जिलेटिनमध्ये पाणी असतं, त्यामुळे कातडीतून वीज कशी जाते ते मोजणारी यंत्रंही फसली. २०१३ मध्ये आयफोनवर ठसा-वाचक आला, तेव्हा जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवरच्या ठशाचा फोटो काढून, त्यावरून नकली बोट बनवून काही दिवसांतच तो उघडून दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी एकाने जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांचा ठसा पत्रकार परिषदेत काढलेल्या फोटोंवरून तयार केला. बोटाला हातही न लावता.

आपल्याकडे चोरांना एवढे कष्टही पडले नाहीत. काही राज्यांत जमीन-घराच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे त्यांनी उचलले, सिलिकॉनचे ठसे पाडले आणि आधार जोडलेल्या खात्यांतून पैसे काढले. अंगठ्यावर पैसे काढायची ही सोय गावातल्या माणसाला बँकेत हेलपाटे पडू नयेत म्हणून आहे. लुटला गेला तोच माणूस.

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटं मात्र दहाच आहेत. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं जाहीर झालं. त्या ५६ लाखांना नवी बोटं कोण देणार?

यावर शास्त्रज्ञांनी दोन अंगांनी काम केलं आहे. पहिलं, समोरचं बोट जिवंत आहे का ते तपासणं. कातडीवर घामाची छिद्रं असतात आणि काचेवर ठेवल्यावर काही सेकंदांत त्यांतून ओल पसरत जाते. सिलिकॉनला घाम येत नाही. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश कातडीत कमी-अधिक खोल शिरतो, त्यातून आतलं रक्त असलेलं ऊतक दिसतं. भारतात आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये नुसत्या खुणांवर न थांबता त्यांच्या जोडीला ठशाचं चित्रही तपासायला सुरुवात केली. खुणा नकली बोटावरही अगदी बरोबर उमटतात, पोत मात्र लबाडी उघडी पाडतो. सोबत, ठसा मशीनच्या आतच कूटबद्ध करणारी, म्हणजे गुप्त संकेतात बदलणारी, नवी उपकरणंही आली, म्हणजे मधल्या वायरवरून चोरलेला जुना ठसा पुन्हा पाठवून काम भागत नाही.

पण जिवंतपणाच्या तपासणीलाही उंबरठा असतोच. ती फार कडक केली, की भेगा पडलेलं, सिमेंटने घासलेलं गवंड्याचं बोट तिला नकली वाटू लागतं. चोरासाठी लावलेला अडसर पुन्हा कष्टकऱ्याच्याच पायात येतो. म्हणून अशी यंत्रणा विकत घेताना दोन आकडे मागायला हवेत: किती नकली बोटं निसटली आणि किती खरी बोटं अडली. दुसरा आकडा हडपसरच्या कार्यालयातल्या इंजिनिअरांवर नव्हे, मार्केट यार्डातल्या हमालांवर मोजलेला हवा.

दुसरं काम टेम्प्लेट लपवण्याचं, आणि ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. पासवर्ड साठवताना त्याचा गणिती चुरा करून ठेवतात. चुऱ्यावरून मूळ शब्द मिळत नाही. ठशाला ही युक्ती चालत नाही, कारण ठसा दर वेळी थोडा वेगळा येतो आणि एका अक्षराच्या फरकानेही चुरा पार बदलतो. २००२ मध्ये अॅरी ज्युएल्स आणि मधू सुदान यांनी यावर तोड सुचवली. एक गुप्त वक्ररेषा घ्यायची आणि ठशाच्या खऱ्या खुणा तिच्यावरचे बिंदू म्हणून मांडायच्या. मग आजूबाजूला शेकडो खोटे बिंदू विखरायचे, धान्यात भुसा मिसळावा तसे, आणि तो ढीग साठवायचा. चोराच्या हाती ढीग लागला तरी दाणे कुठले नि भुसा कुठला ते त्याला कळणं फार अवघड. खरा माणूस बोट ठेवतो तेव्हा पुरेसे दाणे सापडतात. सगळे सापडायची गरज नसते, थोडे चुकले तरी वक्ररेषा जुळवता येते. तिरक्या पडलेल्या बोटाला गणितातच माफी ठेवलेली आहे.

त्याच्या आदल्या वर्षी नलिनी राथा आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी रद्द करता येणारं बायोमेट्रिक मांडलं होतं. नोंदणीच्या वेळीच ठसा ठरावीक रीतीने मुरगळायचा आणि मुरगळलेलाच साठवायचा. तो चोरीला गेला, तर मुरगळायची रीत बदलून नवा घ्यायचा. बँकेत एक रीत, कचेरीत दुसरी, म्हणजे एकीकडची चोरी दुसरीकडे चालणार नाही. या कल्पनांना आता वीसहून अधिक वर्षं झाली. सोसायटीच्या फाटकापासून कंपनीच्या हजेरीपर्यंत आपण रोज जिथे थंब मारतो, तिथे टेम्प्लेट कसं साठवतात, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

चेहऱ्याचं थोडक्यात. आमच्या सोसायटीतले काका हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून काढतात. ही सोय २०२१ मध्ये आली आणि थरथरत्या हातांच्या माणसांसाठी ती मोठीच आहे. पण चेहरा बोटापेक्षाही उघडा असतो, आणि संगणकाने बनवलेला नकली व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर न धरता थेट ॲपमध्येच घुसवता येतो. म्हणून चित्र खरोखर त्याच फोनच्या कॅमेऱ्यातून आलं का, हेही तपासावं लागतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१९ मध्ये अनेक प्रणाली तपासल्या, तेव्हा काही प्रणालींत चुकीच्या जुळणीचं प्रमाण वेगवेगळ्या वंशांच्या लोकांमध्ये १० ते १०० पट वेगळं निघालं. दुसऱ्या देशातल्या चेहऱ्यांवर शिकवलेलं यंत्र आपल्या चेहऱ्यांवर आधी तपासूनच लावायला हवं.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे: आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं आणि हवं तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. बोटाने पैसे काढायची गरज पडत नसेल, तर आजच करा, आणि घरातल्या आजी-आजोबांचंही करून द्या.

मावशींना ते करून चालणार नाही, त्यांना रेशन बोटावरच मिळतं. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा सूचना २०१७ मध्येच निघाल्या आहेत. दुसरं बोट, डोळा, ओटीपी असे पर्याय आहेत, पण रांग वाढली की ते सुचत नाहीत. ज्याचं जे बोट सगळ्यात चांगलं उमटतं ते आधी शोधून ठेवायचं, ही पद्धत आधारमध्ये सुरुवातीच्या वर्षांतच विचारात घेतलेली होती. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मी दुकानदारांना हे सांगितलं. त्यांनी मावशींचं कार्ड मागून घेतलं आणि आतल्या पानाच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलं: "डावं मधलं". मावशींनी डाव्या हाताचं मधलं बोट भांगातून फिरवलं आणि काचेवर ठेवलं. पहिल्याच खेपेला पावती आली.