काउबच्या पट्टीवर किती पाणी?

ऱ्हाईन नदीवर माल वाहणाऱ्यांचा दिवस एका प्रश्नाने सुरू होतो: काउबला आज किती? काउब हे जर्मनीतलं, माइन्झ आणि कोब्लेन्झ यांच्यामधलं, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली वसलेलं छोटं गाव. तिथे नदीच्या ऐन मध्यात खडकाळ बेटावर एक जुना किल्ला आहे. पूर्वी जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून इथे जकात घेतली जायची. आता जकात गेली, पण काठावर पाणी मोजायची पट्टी आहे, आणि तिची वसुली जकात घेणाऱ्या सरदारांपेक्षा कडक आहे.

जर्मनीत जहाजं चालतील असे नद्या आणि कालवे मिळून सुमारे ७,३०० किलोमीटरचे जलमार्ग आहेत. नकाशावर हे जाळं मोठं देखणं दिसतं. प्रत्यक्षात देशातल्या अंतर्गत जलवाहतुकीचा सुमारे ८० टक्के माल एकटी ऱ्हाईन वाहते. रॉटरडॅम बंदरात उतरलेलं खनिज लोखंड ड्यूसबर्गच्या पोलाद भट्ट्यांकडे जातं. पेट्रोल-डिझेल दक्षिणेकडे, थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत चढतं. वाळू, खडी, धान्य, रसायनं, कंटेनर हे सगळं नदीवरच. आणि माइन्झच्या वर जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला काउबचा उथळ टप्पा ओलांडावा लागतो. मागे-पुढे नदी कितीही खोल असो, रॉटरडॅमला जहाज किती भरायचं हे काउब ठरवतं.

आता या पट्टीची एक गंमत. तिच्यावरचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. तो ठरवून घेतलेला एक संदर्भबिंदू आहे. पट्टी ७८ सेंटिमीटर दाखवते तेव्हा जहाजांच्या वाटेत १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी असतं, असा तिथला हिशोब. म्हणजे पट्टीवरच्या आकड्यात ११२ मिळवले की खरी खोली कळते. त्यातून तळाशी घासू नये म्हणून वीस-तीस सेंटिमीटर सोडायचे. उरेल तितकंच जहाज पाण्यात बसू शकतं.

पुढचं गणित आर्किमिडीजचं. ऱ्हाईनवरचं नेहमीचं मोठं मालवाहू जहाज ११० मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद असतं. ते एक सेंटिमीटर खाली बसलं की साधारण साडेबारा घनमीटर, म्हणजे साडेबारा टन पाणी बाजूला सारतं. टोकं निमुळती असल्याने थोडं कमी धरू, अकरा टन म्हणू. पट्टीवर एक सेंटिमीटर उतरलं की प्रत्येक जहाजामागे अकरा टन माल काठावर राहिला! पट्टी अडीच मीटरच्या आसपास असताना अडीच-तीन हजार टन नेणारं जहाज ७८ सेंटिमीटरला हजार टनांच्याही खाली येतं. इंधन, पगार, विमा यांत मात्र फारशी सूट मिळत नाही. म्हणूनच इथल्या वाहतुकीच्या करारांत कमी पाण्याचा अधिभार आधीच लिहिलेला असतो आणि तो पट्टीवरच्या आकड्यानुसार चढत जातो.

२२ ऑक्टोबर २०१८ रोजी काउबच्या पट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरवर आलं. खोली १ मीटर ३७. रिकामं जहाजच मीटरभर पाण्यात बसतं, तेव्हा माल कुठे ठेवणार? लुडविग्सहाफेनचा बीएएसएफ हा अवाढव्य रसायन कारखाना आपला सुमारे ४० टक्के कच्चा माल नदीवरून आणतो. त्याला उत्पादन कमी करावं लागलं आणि त्या वर्षी कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. काही भागांत पेट्रोल पंप कोरडे पडले, तेव्हा सरकारने राखीव साठ्यातलं इंधन बाहेर काढलं. अर्थतज्ज्ञांनी नंतर आकडे मांडले: काउबला महिनाभर पाणी ७८ सेंटिमीटरच्या खाली राहिलं, तर देशाचं औद्योगिक उत्पादन सुमारे एक टक्क्याने घटतं. एका गावातली पट्टी आणि एवढ्या मोठ्या देशाचं उत्पादन, हे नातं मला अजूनही थक्क करतं.

अशा दिवसांत नदीवर शुकशुकाट असेल असं वाटतं. होतं उलटंच. तोच माल न्यायला तिप्पट-चौपट जहाजं लागतात, त्यामुळे गर्दी वाढते. त्यात पाणी उतरल्याने जहाजांची वाट अरुंद झालेली. घाई करायचीही सोय नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. उथळ पाण्यात जहाज पुढे सरकतं तेव्हा पाण्याला त्याच्या पोटाखालच्या चिंचोळ्या फटीतून मागे पळावं लागतं. पाण्याचा वेग वाढला की दाब घटतो, हा बर्नुलीचा नियम. दाब घटला की जहाज आणखी खाली बसतं. वेग दुप्पट केला तर हे बसणं साधारण चौपट होतं. तीस सेंटिमीटर सोडून निघालेला नावाडी जोरात गेला, तर तेवढंही अंतर त्याच्या हातात राहत नाही.

ऱ्हाईनचं पाणी मुळात एवढं भरवशाचं कसं? तिला दोन पगार आहेत. हिवाळ्यात मध्य जर्मनीतला पाऊस, उन्हाळ्यात आल्प्सचं वितळणारं बर्फ. शिवाय वाटेतला कॉन्स्टन्स तलाव पाणी धरून हळूहळू सोडतो. उन्हाळ्याअखेरीस दोन्ही पगार कमी पडतात, आणि पाऊसही रुसला की २०१८ किंवा २०२२ सारखं वर्ष येतं. बर्फ लवकर वितळून संपू लागलंय, तसा हा खड्डा आणखी खोल होण्याची भीती आहे.

मग बंधारे घालून पाणी का अडवत नाहीत? मोझेल, नेकार, माइन या उपनद्यांवर तेच केलंय. बंधाऱ्यांमुळे नदीच्या पायऱ्या झाल्या आणि प्रत्येक पायरीला जहाज चढवा-उतरवायचं लॉक, म्हणजे दारं लावलेला पाण्याचा हौद आहे. ऱ्हाईनवरही बाझेलपासून इफेत्झहाइमपर्यंत अशी दहा ठिकाणं आहेत. तिथून खाली मात्र नदी मोकळी वाहते. काउबच्या अरुंद खोऱ्यात दोन्ही काठांवर गावं, रस्ते आणि रेल्वे अगदी पाण्याला चिकटून आहेत. पाणी चढवायचं तर ते बुडवावं लागेल. वर दिवसभराची सगळी जहाजं एका लॉकपुढे रांगेत उभी राहतील.

कालव्याची अडचण वेगळीच. तिथे पाणी वाहत नाही, पण प्रत्येक जहाजागणिक खर्च होतं. १९९२ मध्ये पूर्ण झालेला १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवरून डोंगर ओलांडतो. शार्लमेन बादशहाने सन ७९३ मध्ये याच भागात कालवा खणायला घेतला होता! आजच्या कालव्यावर हिल्पोल्टश्टाइनचं लॉक जहाजाला एका दमात जवळपास २५ मीटर उचलतं. १९० मीटर लांब, १२ मीटर रुंद हौद; एकदा भरायला सुमारे ५६ हजार घनमीटर पाणी. हे दरवेळी खाली सोडून देणं परवडणार नाही, म्हणून शेजारी वेगवेगळ्या उंचीवर तीन टाक्या बांधल्या आहेत. हौद रिकामा करताना पाणी आधी या टाक्यांत जातं आणि पुढच्या खेपेला तिथूनच परत येतं, केवळ उतारावर, पंप न लावता. साठ टक्के पाणी असं वाचतं. बाकीचं डॅन्यूबच्या बाजूने पंपाने वर चढवतात.

हे वाचताना गोदावरी-कृष्णेचा विचार मनात येणारच. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, पण दख्खनच्या नद्यांना पगार एकच, पावसाळ्याचा. चार महिने पूर आणि पुढे खडक उघडे. गोव्यात मांडवी आणि झुवारीवरून खनिजाचे बार्ज वर्षानुवर्षं चालले, ते भरतीचं पाणी आत दूरवर येतं म्हणून. नदी आहे म्हणजे जलमार्ग आहे असं होत नाही. वर्षभर पुरेल एवढी खोली हवी.

काउबचा तिढा सोडवायचे दोन प्रयत्न चालू आहेत. एक सरकारी: माइन्झ ते सांक्ट गोआर या टप्प्यातल्या सहा उथळ जागा सुधारून १.९० मीटरची हमी २.१० वर न्यायची. वीस सेंटिमीटर म्हणजे वरच्या हिशोबाने जहाजामागे दोनशेहून जास्त टन. तळ थोडा कोरायचा, आणि दगडी बांधांनी पाणी मधल्या वाटेकडे वळवायचं. पर्यावरणवाद्यांना यात मासे आणि काठची वाळूची बेटं यांची काळजी वाटते, ती अनाठायी नाही.

दुसरा प्रयत्न बीएएसएफचा. नदी बदलत नाही तर जहाज बदलू, असं म्हणत त्यांनी २०२३ मध्ये एक खास टँकर पाण्यात उतरवला. लांबी १३५ मीटर, रुंदी साडेसतरा. आर्किमिडीजकडे परत गेलं तर कळेल की हे जहाज एका सेंटिमीटरमागे जवळपास दुप्पट टन उचलतं. काउबची पट्टी ३० सेंटिमीटरवर असतानाही ते ८०० टन नेऊ शकतं. फक्त नेकार आणि माइनवरची बहुतेक लॉक १२ मीटर रुंद आहेत, त्यामुळे त्या नद्यांत त्याला फार आत शिरता येत नाही.