'काल तर चालत होतं!' : एकाच नावाचे अनेक पायथन

भाचीचा रात्री फोन आला. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते. "मामा, काल चालणारा प्रोग्रॅम आज चालेना. मी त्यात एक अक्षरही बदललेलं नाही." ती खरंच सांगत होती. आदल्या दिवशी तिने दुसऱ्या प्रकल्पासाठी एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, बसवली होती. त्या लायब्ररीने येताना नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची आवृत्ती 2 आणली आणि आधीची 1.26 काढून टाकली. पहिल्या प्रकल्पातला एक भाग जुन्या नमपायशी जुळवून कंपाइल केलेला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेला होता, तो नव्यावर चालेना.

वर्गातल्या मित्राने तिला सल्ला दिला होता, "फॉरमॅट मार." मीठ-मोहऱ्या ओवाळून ताप उतरवण्यातलाच हा प्रकार. नंतर ताप उतरला तरी तो कशामुळे आला होता ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतो.

कारण साधं आहे. पायथनच्या लायब्ररी साइट-पॅकेजेस नावाच्या फोल्डरमध्ये राहतात आणि प्रत्येकीचं फोल्डर सहसा तिच्याच नावाचं असतं. एका फोल्डरमध्ये एकाच नावाची दोन फोल्डरं राहू शकत नाहीत, म्हणून नवी आवृत्ती आली की जुनीला जावं लागतं. मूळ भाषेतही नावाचा असाच घोळ झाला. पायथन 3.0 डिसेंबर 2008 मध्ये आलं, पण पायथन 2 चा अधिकृत सांभाळ 1 जानेवारी 2020 ला थांबला. ही 11 वर्षं दोन्ही भाषा असंख्य संगणकांवर शेजारी शेजारी नांदल्या. 7 ला 2 ने भागा म्हटलं तर जुनी 3 सांगायची आणि नवी 3.5. मग 'पायथन' अशी हाक मारल्यावर ओ कोण देणार?

या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, आपण एखादा शब्द टाइप करतो तेव्हा संगणक त्या नावाची फाइल सगळ्या डिस्कभर शोधत बसत नाही. त्याच्याकडे 'पाथ' नावाची एक यादी असते, तिच्यात काही फोल्डरांचे पत्ते ओळीने लिहिलेले असतात. तो पहिल्या पत्त्यावर जाऊन विचारतो, इथे या नावाचं कुणी आहे का? नसेल तर दुसऱ्यावर. सापडलं की शोध तिथेच संपतो, पुढच्या पत्त्यांकडे तो बघतही नाही. चाळीत 'बंड्या' म्हणून हाक मारली आणि पहिल्याच खोलीतला बंड्या बाहेर आला, तर शेवटच्या खोलीतल्या बंड्याला कळतही नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बोलीत 'व्हेन्व्ह', याच यादीवर उभं आहे. ही सोय 2012 पासून, आवृत्ती 3.3 पासून, पायथनसोबतच येते. अनेकांना वाटतं की हा संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक आहे. तसं काही नाही, ते एक फोल्डर आहे. ते 'अ‍ॅक्टिव्हेट' करायचं म्हणजे मुख्यतः त्यातल्या 'बिन' फोल्डरचा पत्ता पाथच्या यादीत सगळ्यात पुढे लावायचा.

पण लिनक्सवर त्या 'बिन'मध्ये असलेला पायथन ही सहसा मूळ पायथनकडे बोट दाखवणारी नुसती खूण असते. मग त्याला वेगळ्या लायब्ररी कशा दिसतात? सुरू होताच पायथन आजूबाजूला 'पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी' ही फाइल शोधतो, आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये, मग एक पायरी वर. त्या चार-सहा ओळींच्या मजकुरातली 'होम' ही ओळ मूळ पायथनचा पत्ता सांगते. ती सापडली की पायथन स्वतःचे दोन पत्ते मानतो. 'बेस प्रिफिक्स' म्हणजे माहेर : भाषेसोबत येणारी प्रमाण लायब्ररी तिथूनच येते. 'प्रिफिक्स' म्हणजे आत्ताचं घर : साइट-पॅकेजेस फक्त इथलं. दोन्ही पत्ते एकच निघाले तर तुम्ही व्हेन्व्हमध्ये नाही, वेगळे निघाले तर आहात. एवढ्या छोट्या फाइलवर अख्खी भिंत उभी राहते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

व्हेन्व्ह लायब्ररी वेगळ्या ठेवतं, पण भाषेची आवृत्ती माहेरचीच राहते. 3.9 आणि 3.12 दोन्ही हवेत तर 'पायएन्व्ह' हे साधन कामी येतं. तेही पाथमध्ये पुढे उभं राहतं, पण स्वतः पायथन नसतं. ते हाक अडवतं, चालू फोल्डरमध्ये आणि तिथून वरवर जात 'डॉट पायथन-व्हर्जन' ही फाइल शोधतं, आणि तिच्यात लिहिलेल्या आवृत्तीकडे हाक पुढे पाठवतं.

भाचीच्या संगणकावरच्या उबुंटूने, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराने, तिला आधीच अडवलं होतं. उबुंटूची स्वतःची काही अवजारं पायथनमध्ये लिहिलेली आहेत, म्हणून 2023 पासून तिथला पिप, म्हणजे लायब्ररी बसवणारा आदेश, मूळ पायथनमध्ये लायब्ररी टाकायला नकार देतो. त्यावर तिने एका व्हिडिओतून 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय उचलला. काय मोडेल ते नावातच लिहिलेलं असताना! न वाचता टाइप केलेला आदेश आणि अर्थ न कळता पुटपुटलेला मंत्र यांत मी फरक करत नाही. तसंच, दहा ओळींच्या गृहपाठालाही डॉकर हवंच असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर हे साधन उत्तम आहे, पण त्याचं काम मोठं आहे. उलट, व्हेन्व्ह ही सुरक्षेची भिंतही नव्हे. त्यात चालवलेला घातक प्रोग्रॅम तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतो.

आम्ही मूळ पायथनमध्ये टाकलेल्या लायब्ररी काढल्या, दोन प्रकल्पांना दोन व्हेन्व्ह केली, दोन्ही चालू लागले. चार दिवसांनी पुन्हा फोन. "अ‍ॅक्टिव्हेट केलंय, कंसात व्हेन्व्हचं नावही दिसतंय, पण नमपाय सापडत नाही म्हणतो." मी विचारलं, "फोल्डरचं नाव बदललंस का?" बदललं होतं. अ‍ॅक्टिव्हेटच्या फाइलीत जुना पूर्ण पत्ता लिहिलेला होता, तोच यादीत पुढे लागला. त्या पत्त्यावर आता कुणीच राहत नव्हतं, म्हणून संगणक पुढे सरकला आणि उबुंटूच्या पायथनने ओ दिली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे भलताच बंड्या आला." तिने ते व्हेन्व्ह पुसलं, लायब्ररींच्या यादीवरून नवं उभं केलं, आणि मी फोन ठेवायच्या आत तिचा प्रोग्रॅम सुरू झाला होता.