कमी कार्बनचा प्रवास आणि ताटातले अन्न : ठाणे-नवी मुंबईची पार्श्वभूमी

हवामानबदलाच्या चर्चेत अलीकडे सामान्य माणसाच्या रोजच्या सवयींना मोठे स्थान मिळाले आहे. ग्लासगो येथील २०२१ च्या हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले, त्याच व्यासपीठावरून पर्यावरणपूरक जीवनशैलीचे आवाहन झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. खासगी मोटार टाळावी, रेल्वे-बसने जावे, हंगामी अन्न खावे, ते वाया घालवू नये, असा तिचा आशय आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील बहुसंख्य माणसे कित्येक पिढ्या जवळपास असेच जगत आली आहेत. त्यांच्या या जगण्याला रूळ कोठे पडले, पूल कधी झाला, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली आणि बाजार कोठे हलला या निर्णयांनी आकार दिला, आणि ते निर्णय समजून घेतल्याशिवाय आजच्या आवाहनाचे मोल ठरवता येत नाही.

विषयाची निकड या भागाला १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये कळली. उघड्या मैदानावर भरउन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, आणि विदर्भात लोक सहन करतात ते तापमान येथे जीवघेणे ठरते. गर्दीच्या डब्यात दीड तास उभे राहून प्रवास करणाऱ्याचा प्रश्नही याच दमट उष्म्याशी जोडलेला आहे, आणि पुढे येणाऱ्या वादाचे मूळ तेथेच आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे सर्वज्ञात आहे. १९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी आली आणि त्यानंतर उपनगरी वाहतुकीतून कोळशाचे इंजिन मागे पडत गेले. विजेचा मोठा भाग आजही औष्णिक केंद्रांतून येतो, त्यामुळे लोकल शून्य उत्सर्जनाची नाही. परंतु एका गाडीची वीज हजारो प्रवाशांत विभागली जात असल्याने माणशी वाटा मोटारीच्या तुलनेत अगदी अल्प राहतो. उपनगरी मार्गांवरील वीजप्रणाली २०१६ पर्यंत १५०० व्होल्टवरून २५,००० व्होल्टवर आली. नव्या गाड्यांना ब्रेक लागताना तयार होणारी वीज वरच्या तारेत परत जाते, हाही या वाटचालीतला महत्त्वाचा टप्पा आहे.

खाडीपलीकडे गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. १९७० मध्ये नवी मुंबई या नव्या शहराच्या नियोजनासाठी सिडको ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गालगत एकेक उपनगर वसवावे, त्यातच रोजगार असावा आणि माणसाला शक्यतो पायी कामावर जाता यावे, अशी तिची मूळ कल्पना होती. कार्बनची चर्चा जगात सुरू होण्याआधीच कमी कार्बनच्या शहराचा आराखडा येथे कागदावर उतरला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रत्यक्षात आधी रस्ता आला. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला आणि मानखुर्द-वाशी रेल्वे मे १९९२ मध्ये सुरू झाली. मधल्या एकोणीस वर्षांत वाशी, नेरुळला राहायला आलेले कुटुंब बसवर आणि ट्रक-टेम्पोंनी भरलेल्या त्या एकाच पुलावर अवलंबून होते. अपेक्षित रोजगार मुंबईतून हलला नाही, मंत्रालयही हलले नाही, आणि पायी कामावर जाण्याची कल्पना थोड्याच लोकांच्या वाट्याला आली. रेल्वे आली ती दोन तृतीयांश खर्च नियोजन संस्थेने उचलल्यावर, आणि त्याच्या वसुलीसाठी तिकिटावर अधिभार लावला गेला. म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणारा प्रवास निवडणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले. ठाणे-वाशी मार्ग नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत ठाण्याहून वाशीला लोकलने जायचे तर कुर्ल्याला वळसा घालावा लागत असे.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर तर रुळांविनाच शहर उभे राहिले. येथे मोठमोठी गृहसंकुले झाली, आणि ठाणे स्थानकापर्यंतचे अंतर बस, रिक्षा किंवा स्वतःच्या दुचाकीने कापणे हाच पर्याय उरला. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली. २९ किलोमीटर लांबी आणि २२ स्थानके असा तो प्रकल्प आहे. घरे आधी आणि मेट्रो नंतर, हा क्रम नवी मुंबईतही दिसला. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली तेव्हा तळोजा परिसरातील अनेकांच्या दारात दुचाकी आधीच उभी होती. एकदा घेतलेली गाडी माणूस सहसा विकत नाही. मेट्रो उशिरा येण्याची खरी किंमत येथे मोजावी लागते.

या साऱ्यात सर्वाधिक वादग्रस्त ठरला तो वातानुकूलित लोकलचा प्रश्न. मध्य रेल्वेवरील पहिली वातानुकूलित लोकल जानेवारी २०२० च्या अखेरीस ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गावर सुरू झाली आणि भाडे परवडत नसल्याने बराच काळ रिकामीच धावली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झाली. वर्षानुवर्षे रखडलेल्या या कामासाठी ७२ तासांचा मेगाब्लॉक प्रवाशांनी निमूटपणे सोसला होता, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या की लोकलच्या फेऱ्या वाढतील, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले होते. फेऱ्या वाढल्या, त्या ३६. त्यांपैकी ३४ वातानुकूलित होत्या.

मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचे दर जवळपास निम्मे झाले आणि किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० वर आले. पासाचे दर मात्र तसेच राहिले. रोज जाणारा माणूस पासावर जातो, त्यामुळे सवलतीचा खरा लाभ अधूनमधून प्रवास करणाऱ्याला झाला. प्रतिसाद वाढल्याचे पाहून ऑगस्टमध्ये आणखी दहा फेऱ्या वातानुकूलित करण्यात आल्या, आणि या वेळी त्या साध्या गाड्यांच्या जागी आल्या. कळव्याला याचा पहिला फटका बसला.

कळव्याची अडचण जवळून पाहिल्याखेरीज तेथे झालेला उद्रेक समजत नाही. सकाळी कर्जत-कसाऱ्याकडून आलेली जलद गाडी कळव्याला थांबत नाही, आणि धीमी गाडी पोहोचते तेव्हा दारात पाऊल टेकवायलाही जागा नसते. म्हणून येथील प्रवासी रुळांच्या कडेने चालत कारशेडकडे जातात आणि ठाण्याकडे निघणारी रिकामी लोकल तेथूनच पकडतात. हे नियमात बसत नाही आणि त्यात धोका आहे. तरीही वर्षानुवर्षे ते चालत आले, कारण कळव्याच्या लोकांना बसण्याची किंवा निदान आत शिरण्याची तेवढीच एक संधी होती. ऑगस्टमधल्या त्या सकाळी कारशेडमधून निघालेली गाडी वातानुकूलित होती आणि तिची दारे बंद होती. लोक रुळांवर उतरले, गाडी अडवली गेली, पोलिसांनी काहींना ताब्यात घेतले, पुढच्या दिवसांत बदलापूरलाही निदर्शने झाली, आणि महिना संपण्याआधी त्या दहाही फेऱ्या मागे घेण्यात आल्या.

या प्रकरणात दोन्ही बाजूंनी हवामानाचा दाखला दिला गेला. वाढत्या उष्म्यात बंद, थंड डबा ही चैन राहिलेली नाही. शिवाय मोटारीने जाणारा माणूस रेल्वेकडे वळवायचा तर त्याला तेवढी सोय द्यावी लागेल, अशी एक बाजू होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, जो आधीच सर्वांत कमी कार्बनचा प्रवास करतो आहे त्याचीच गाडी काढून ती दुसऱ्याला देण्यात कोणता न्याय आहे? माझ्या मते दुसरी बाजू अधिक भक्कम आहे, आणि केवळ न्यायाच्या नव्हे, उत्सर्जनाच्या हिशेबानेही. वातानुकूलनाला लागणारी जादा वीज हा या हिशेबातला छोटा भाग आहे. एक साधी फेरी गेल्यावर मागच्या गाडीत जे कोंबले जातात, त्यांतले काही कर्ज काढून दुचाकी घेतात आणि कळवा-ऐरोली किंवा मुंब्रा बाह्यवळणाच्या रस्त्याला लागतात. रेल्वेकडे एक मोटारवाला आला आणि तिकडून चार प्रवासी दुचाकीवर गेले, तर कार्बन वाचला असे कोणत्या आकडेमोडीत दाखवता येईल? जादा वातानुकूलित गाडी हवीच. साध्या गाडीच्या जागी ती नको, एवढीच मागणी होती आणि ती रास्त होती.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांपैकी काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे ठरले. दारांना झडपा, छतावर हवा खेळती ठेवणारी यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जाण्याचा मार्ग अशी ती रचना आहे. २३८ नव्या वातानुकूलित गाड्यांची खरेदी मात्र वर्षानुवर्षे निविदांच्या फेऱ्यांत अडकून राहिली.

अन्नाचा इतिहास याच जमिनीवर घडला, पण त्याची चर्चा फारच कमी होते. नव्या शहरासाठी निवडलेल्या ९५ गावांत आगरी-कोळी कुटुंबे खारभूमीत भात पिकवत. बांध आणि उघाडी (बांधातली पाणी सोडण्याची दारे) राखून खाडीचे पाणी रोखायचे, पावसाळ्यात भात, उरलेल्या ओलीवर वाल, आणि खाडीतून निवट्या, चिंबोऱ्या, जिताडा, असे त्यांचे वर्ष असे. मासळी उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी ठेवली जाई. तिला ना बर्फ लागे ना वीज. जानेवारी १९८४ मधील जमीनसंपादनविरोधी आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मोबदल्याचा हिशेब पुष्कळ झाला. शहराच्या दारातले अन्न गेले, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

त्याच काळात मुंबईचा घाऊक बाजार खाडी ओलांडून आला. १९८१ मध्ये कांदा-बटाटा आणि १९९६ मध्ये भाजी व फळे तुर्भ्याला आली. मध्यरात्रीनंतर नाशिक, पुणे, साताऱ्याकडचे ट्रक लागतात, पहाटे माल टेम्पोंत चढतो आणि उजाडण्याआधी ठाण्याच्या मंडईत पोहोचतो. अन्न दुरून आले म्हणून त्याचा कार्बन जास्त, असा समज यामुळे सहज होतो आणि तो बराचसा चुकीचा आहे. जागतिक पातळीवरील २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के निघाला. मोठा वाटा जमिनीच्या वापराचा, जनावरांचा आणि शेतीचा आहे. विमानाने येणारे नाजूक फळ हा अपवाद. नाशिकचा कांदा ट्रकने आला म्हणून खंत करण्याचे कारण नाही. साचलेल्या पाण्यातल्या भातातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून अधिक उष्णता धरतो. म्हणून कोकणी माणसाच्या रोजच्या भातालाही या चर्चेतून सूट मिळत नाही. शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीत, उतारावर पाणी न साचवता पिकणारी नाचणी आणि वरी या दृष्टीने कितीतरी हलकी आहे. रेशनवर अनेक दशके तांदूळ आणि गहूच मिळत राहिल्याने ती ताटातून मागे सरली आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात महागड्या पाकिटांतून परतली. ती पिकवणाऱ्या आदिवासी पाड्यांवर मात्र रेशनचा तांदूळच शिजत राहिला.

प्रवास आणि अन्न हे दोन्ही धागे एकत्र येतात ते डब्यात. १८९० च्या सुमारास सुरू झालेली मुंबईची डबेवाहतूक लोकल आणि सायकल यांवरच उभी आहे, आणि ठाण्याहून जाणारे डबेही तिच्यात आहेत. गेल्या दहाएक वर्षांत घरपोच जेवणाच्या ॲपमुळे एकेका पार्सलसाठी एकेक दुचाकी धावू लागली. सोबत डबे-पिशव्यांचा कचरा आला, आणि मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीने तो पुरता आवरला नाही.

उरलेल्या अन्नाचे काय होते, हा या इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ओला कचरा ढिगात दबून कुजला की त्यातूनही मिथेनच निघतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. घोडबंदर आणि खारघरच्या कित्येक संकुलांत त्यासाठी खतखड्डे बांधले गेले, काहींत ते चालू आहेत आणि काहींत त्यांच्यावर झाकण पडले आहे. जेथे झाकण पडले तेथला कचरा ठाण्यात वर्षानुवर्षे दिवा येथील कचराभूमीत जात राहिला. दिव्यातील लोकांनी धूर आणि दुर्गंधी सोसून सातत्याने पाठपुरावा केल्यावर ती कचराभूमी २०२३ मध्ये बंद झाली. कचऱ्याच्या गाड्या भंडार्ली गावाकडे वळल्या आणि तेथील गावकऱ्यांनी त्याच कारणासाठी विरोध सुरू केला.