२०० लिटरचं मोदकपात्र : अळिंबीचं काड वाफवायचा ड्रम घरच्या घरी

(धिंगरी अळिंबीचं, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, स्पॉन अर्थात बियाणं आमच्याकडून नेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

स्पॉन नेल्यावर आठ-दहा दिवसांनी येणारा एक फोन आम्हाला आता पाठ झाला आहे. "बेड हिरवे पडले, तुमचं बियाणं खराब निघालं." (बेड म्हणजे वाफवलेलं काड आणि स्पॉन थराथरांनी भरलेली पिशवी.) कधीकधी बियाणं खरंच खराब निघतं. तसं वाटलं तर पाकीट घेऊन या, बदलून देऊ. पण हिरवा डाग बियाण्याच्या दाण्यावर नसून दोन थरांच्या मधल्या काडात उठला असेल, तर आम्ही उलट एकच विचारतो : काड वाफवताना ड्रमच्या पोटात तापमान किती होतं? यावर बहुतेक जण म्हणतात, "वाफ चांगली भसाभस येत होती की!" या उत्तरापायीच हे माहितीपत्रक काढावं लागलं. ड्रम आम्ही विकत नाही. गावातला वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देईल, एवढं सोपं काम आहे.

काड म्हणजे रिकामी जागा नव्हे. शेतातून येतानाच त्यावर ट्रायकोडर्मासारख्या हिरव्या बुरशा, सूत्रकृमी, माश्यांची अंडी मुक्कामाला असतात. ती ६० ते ८० अंश सेल्सिअसला मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकून राहतात. ते राहावेत अशीच आपली इच्छा असते, कारण ते जागा अडवून धरतात आणि धिंगरीला त्यांचा त्रास नसतो. म्हणून "जास्त उकळलं तर जास्त चांगलं" हे इथे खरं नाही. काड प्रेशर कुकरसारखं पूर्ण निर्जंतुक केलं आणि मग उघड्या खोलीत हाताने पिशव्या भरल्या, तर नांगरून मोकळ्या टाकलेल्या रानासारखं होतं; जे तण पहिलं येईल त्याचं राज्य. आपल्याला हवेत ७० ते ८० अंश, आणि तेही ड्रममधल्या सगळ्यात थंड जागी.

आमचा स्वतःचा पहिला ड्रम साधा होता. खाली पाणी, वर जाळी, जाळीवर दाबून भरलेला इंद्रायणी भाताचा पेंढा, वर झाकण. पाऊण तासात झाकणाच्या कडेने वाफ सुटली, घड्याळ लावलं, दोन तासांनी जाळ बंद. त्या खेपेच्या निम्म्याहून जास्त पिशव्या पाचव्या-सहाव्या दिवशी हिरव्या झाल्या. पुढच्या खेपेला वायरचा थर्मामीटर पेंढ्यात मधोमध खुपसून ठेवला. झाकणातून वाफ फुटली त्या क्षणी आकडा होता ४१. वाफ आळशी असते हो! पत्र्याच्या कडेला भरण सैल पडतं, तिथून ती सरळ वर निघून जाते आणि मधला गोळा तसाच गार राहतो. आपण बाहेरून बघतो आणि खूश होतो.

ड्रम कोणता घ्यावा

२०० लिटरचा लोखंडी ड्रम, ज्याचं अख्खं झाकण निघतं आणि वर पट्टा आवळायची सोय असते, तो उत्तम. खाद्यतेलाचा किंवा आंब्याच्या पल्पचा मिळाला तर सोनं. पल्प आतल्या पिशवीत भरलेला असतो, त्यामुळे ड्रम आतून स्वच्छ असतो. कीटकनाशकाचा, रंगाचा, रसायनाचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. यात आपण खायची वस्तू पिकवणार आहोत. आणि एक गोष्ट नीट कान देऊन ऐका : आत पेट्रोल, थिनर किंवा तसलं काही असलेला बंद ड्रम गॅसकटरने कापायला कधीही देऊ नका. दिसायला रिकामा असला तरी आतली वाफ पेट घेते आणि ड्रम बॉम्बसारखा फुटतो. प्लॅस्टिकचं निळं पिंप काड भिजवायला छान, जाळावर अर्थातच नाही.

ड्रम आणल्यावर आत नुसतं पाणी घालून एकदा तासभर उकळवा. बाहेरचा रंग जळेल, घाण वास येईल, तो त्याच दिवशी संपू द्या.

आतली मांडणी

मोदकपात्र डोळ्यांसमोर आणा. तळाला पाणी, वर चाळण, चाळणीवर मोदक, वर झाकण. तेच इथे. फरक एवढाच की मोदक सुटे बसतात, काड दाबून बसतं. म्हणून मधोमध एक नळी लागते. जुन्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून जाळ वर जातो आणि पाणी आतून तापतं, ती युक्ती आपण वाफेसाठी वापरायची.

तळापासून २० सेंटिमीटर उंचीवर जाळी बसेल असं तिपाई स्टँड सळईचं करून घ्या. जाळी ड्रमच्या आतल्या व्यासापेक्षा बोटभर लहान ठेवा, नाहीतर एकदा अडकली की निघत नाही. स्टँड मजबूत हवं. ओल्या काडाचं ओझं ३५ किलोच्या घरात जातं. जाळीच्या मधोमध दोन इंची लोखंडी पाइप उभा करा. उंची अशी की वरून झाकणापर्यंत वीतभर जागा राहील. पाइपाला चहूबाजूंनी चार-चार बोटांवर भोकं पाडा आणि वरचं तोंड बंद करा. हे तोंड उघडं राहिलं तर सगळी वाफ धुराड्यासारखी निघून जाईल आणि पाइपाचा खर्च पाण्यात.

झाकणाला अर्धा इंची भोक एक. ते कधीही पूर्ण बंद करायचं नाही. ड्रम हा कुकर नाही, त्याला दाब सोसत नाही. ड्रमच्या अंगाला, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, थर्मामीटरची दांडी जाईल एवढं दुसरं भोक. दांडीचं टोक मधला पाइप आणि पत्रा यांच्या बरोबर मध्ये यायला हवं. पाइपाला टेकलं तर खोटा दिलासा, पत्र्याला टेकलं तरी तेच.

थर्मामीटर लांब वायरचा, डिजिटल घ्या. नवा आणला की उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समुद्रसपाटीला १०० दाखवायला हवा, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरात ९५-९६. आमच्याकडच्या एकाने पुण्यात ठामपणे १०६ दाखवले होते. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे, फेकवत नाही.

काड

भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं काड, तिन्ही चालतात. अट एकच : मळणीनंतर पाऊस न लागलेलं, पिवळं, कोरडं, त्याच वर्षाचं. काळं पडलेलं, कुबट वासाचं काड वाफवून सुधारत नाही. कडबाकुट्टीवर दोन-तीन इंचांचे तुकडे करा. काडात दाणे राहिलेले दिसले तर झटकून घ्या. उरलेला दाणा म्हणजे हिरव्या बुरशीला आयतं ताट.

१० ते १२ किलो कोरडं काड पोत्यात भरून ८ ते १० तास थंड पाण्यात भिजवा, पोत्यावर दगड ठेवा. रात्री घातलं की सकाळी काढता येतं. मग उताराच्या फरशीवर किंवा बाजेवर दोन-तीन तास निथळू द्या. मूठभर काड घेऊन जोरात पिळा : तळहात ओला झाला, फार तर एखादा थेंब आला, तर ठीक. धार लागली तर अजून थांबा. घाई इथे होते आणि भोगावी लागते पिशवीत. तळाशी पाणी साचतं, आंबूस वास सुटतो आणि बियाणं तिथवर येऊन थांबतं.

भिजलेलं काड ड्रममध्ये सुटं भरा किंवा जाळीच्या गोणीत भरून पाइपाभोवती रचा. कांद्याच्या लाल गोण्यांतून वाफ छान खेळते, पण पाण्याच्या पातळीच्या वर जिथे जाळ पत्र्याला चाटतो तिथे त्या चिकटून वितळतात. सुतळीची गोणी त्या मानाने बिनघोर.

जाळ

ड्रममध्ये ३० लिटर पाणी घाला. ते साधारण १२ सेंटिमीटर उंच चढतं, म्हणजे जाळीखाली चार बोटं मोकळी राहतात. पाणी जाळीला लागलं तर खालचं काड उकडून चिखल होतं. कॅन्टीनची मोठी शेगडी असेल तर पाऊण तासात वाफ दिसू लागते. घड्याळाकडे अजून बघायचं नाही. आतला आकडा ७० ला यायला आणखी पाऊण तास ते तास जातो. ७० दिसले की जाळ कमी करा आणि वेळ लिहून ठेवा. तिथून पुढे दोन तास आकडा ७० ते ८० मध्ये राहिला पाहिजे. ८५ कडे निघाला तर जाळ आणखी बारीक. खाली घसरला तर घसरलेला वेळ धरायचा नाही.

हे सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. झाकण उघडताना तोंड बाजूला, आणि झाकणाची पलीकडची कड आधी उचला म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाते. पोरंटोरं लांब. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायची परवानगी नाही, हेही सांगून ठेवतो.

गॅसचा हिशेब अनेक जण विचारतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे. तिथे किंवा इतरत्र प्रशिक्षण घेतलेल्यांना गरम पाण्याची पद्धत माहीत असते : ८० अंशांच्या पाण्यात काड तासभर बुडवायचं. पद्धत खात्रीची आहे, कारण पाणी सगळीकडे सारखं पोचतं, मधला गोळा गार राहायचा प्रश्नच नाही. पण १५० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर न्यायला आमच्या गणिताने दीड ते दोन किलो गॅस जातो. वाफेत तापवायचं पाणी ३० लिटर, त्यामुळे सगळं मिळून किलोभराच्या आसपास भागतं. शिवाय गरम ओलं काड उचलून निथळत ठेवायची कसरत वाचते. एकाच दिवसात तीन-चार घाणे काढायचे असतील तर मात्र गरम पाणी पुन्हा वापरता येतं आणि फरक कमी होतो. तुमचे दहाच बेड असतील तर वाफ, असा आमचा कौल.

तिसरी पद्धत रसायनाची. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिली फॉर्मलिन घालून काड रात्रभर बुडवतात. खर्च कमी, पीकही येतं. आम्ही ती सुचवत नाही. फॉर्मलिनने डोळे आणि घसा झोंबतो, त्यातला फॉर्मल्डिहाइड वायू कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे आणि ते पाणी शेवटी तुमच्याच बांधाला ओतलं जातं.

थंड करताना

जाळ विझवला की झाकण काढायची खाज सुटते. काढू नका. ड्रम पूर्ण विझलेल्या शेगडीवरच राहू द्या, वरून जुनी गोधडी पांघरा. जाळ चालू असताना कापड जवळसुद्धा नको. गार होताना ड्रम बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून झाकणाच्या भोकात कापसाचा सैल बोळा बसवा. संध्याकाळी विझवलेला ड्रम सकाळी उघडता येतो. काडाला गोडसर, उकडल्यासारखा वास हवा आणि रंग सोन्याकडून तपकिरीकडे झुकलेला.

काडाच्या गाभ्यात बोटं घाला. कोमट लागलं तरी थांबा. ३० अंशांच्या खाली आल्याशिवाय स्पॉन टाकू नका. ते जिवंत आहे, ४० च्या पुढे शिजतं. वाफेतून वाचवलेलं काड गरम असतानाच बियाणं टाकून मारणारे आम्ही पाहिले आहेत, आणि फोनवर त्यांचं वाक्यही तेच असतं.

ड्रमभर ओल्या काडाला, म्हणजे ३० ते ३६ किलोंना, दोन टक्क्यांच्या हिशेबाने ६०० ते ७०० ग्रॅम स्पॉन लागतं. ३५ बाय ५५ सेंटिमीटरच्या साधारण दहा पिशव्या होतात. भरताना पंखा बंद, हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले, आणि ज्या फरशीवर कच्चं काड कापलं ती ही जागा नव्हे. वाफवलेलं काड कच्च्या काडाच्या धुळीत ओतलं की कालचा सगळा गॅस वाया.

स्पॉन ड्रम तयार झाल्यावरच न्या. आधी नेलंच तर फ्रिजमध्ये ठेवा. गुलाबी धिंगरी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, तिला थंडी सोसत नाही.

पहिल्या दोन घाण्यांचे आकडे दर १५ मिनिटांनी वहीत लिहा : वेळ, तापमान, जाळ मोठा की लहान. बेड हिरवे पडले तर पिशवी शेडमध्ये उघडू नका, तशीच बाहेर नेऊन पुरा. आणि आम्हाला फोन कराल तेव्हा वही हाताशी असू द्या.